रकाना सात

डुलुथला मार्च म्हणजे सरोवर अजून पांढरंच.
सरकारी गाडीत माझ्या मागच्या सीटवर
पितळी वजनांची पेटी. खुळखुळत नाही,
मखमलीत प्रत्येकाला आपापली खोबण आहे.
ही वजनंसुद्धा ठरल्या मुदतीनं
राजधानीच्या प्रयोगशाळेत जाऊन येतात,
आपण अजून तीच आहोत एवढं लिहून घेऊन.
मला कुणी तसं पाठवत नाही.

फॉर्मवर सातवा रकाना. चार चौकोन:
रिन्यूड, रिसर्टिफाइड, रिव्हॅलिडेटेड, रिइन्स्टेटेड.
खूण एकावरच.
ऑफिसातली बॉबेट सांगते,
रिन्यू म्हणजे मुदतीच्या आत,
रिइन्स्टेट म्हणजे मुदत उलटल्यावर, दंड भरून.
आणि मधले दोन?
ती चष्मा कपाळावर चढवते:
मधल्या दोघांचं छापणाऱ्याला विचार.

घरी भांडी विसळताना मी त्यांना मराठी शोधतो.
मान्य. मंजूर. संमत. ग्राह्य. कायम.
रुकार, जो आता कुणी देत नाही.
शिक्कामोर्तब, वर शिक्का, खाली मोर्तब,
मधे अख्खा मजकूर अडकलेला.
पण त्यांच्या त्या एवढ्याशा 'री'चं काय करू?
'पुनर्' लावलं की शब्द सोवळं नेसतो.
'फेर' लावलं की वाटतं, आधीचं चुकलंच होतं.
आणि 'परत' म्हटलं, तर
पुन्हा की माघारी,
ते आपली भाषा सांगत नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर एंगेसेटचं दुकान,
धुरी दिलेले मासे, लाकडी पायरी, मिठाची पोती.
हा टापू माझ्याकडे याच वर्षी आला.
तराजूच्या पाठीवर स्टिकरांचा थर,
एकावर एक चौदा वर्षं,
निवृत्त झालेल्या हॅल्वरसनची तीच आखूड सही.
पाच पौंडांचं वजन ठेवलं.
काटा चार पौंड चौदा औंसांवर जाऊन
स्वस्थ उभा राहिला.
उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं.
चार, चौदा.

"ओड्व्हारनंच तसा लावला होता,"
बोर्गहिल्ड एंगेसेट हात पुसत म्हणाली,
"दुकान काढलं त्या वर्षी. नुकसान आमचंच ना?"
मी म्हणालो, नियम दोन्ही बाजूंना सारखा.
काटा कुणाच्या बाजूनं चुकतो
ते रकान्यात येत नाही.
आमच्या भाषेत याला झुकतं माप म्हणतात,
हे मात्र सांगितलं नाही.
तिथे तो शब्द आता पेपरात येतो,
अर्थसंकल्पानंतर, आरोप म्हणून.

स्क्रू पाव वळसा फिरवला.
ती बघत होती,
झोपलेल्या माणसाचे केस
कुणी परका विंचरतोय तशी.
पाच पौंड. बरोबर पाच.

मग परवाना. तो अजून ओड्व्हारच्या नावावर.
"हा रिन्यू होईल?"
नाही, नवा काढावा लागेल.
मेलेल्या माणसाच्या नावाला 'री' लागत नाही,
असं म्हणालो नाही, पण ती म्हणाली,
"समजलं," आणि
पेन शोधायला बराच वेळ आत गेली.

निघताना एक पौंड व्हाइटफिश मागितला.
तिनं दुरुस्त काट्यावर तोलला,
काटा एकाच्या रेघेवर नेमका.
कागद गुंडाळता गुंडाळता
माझ्याकडे न बघता
वर एक लहान मासा ठेवला. न तोलता.
पावतीवर एक पौंड.

तो मासा मी परत द्यायला हवा होता.
इथे 'परत'चा अर्थ एकच होतो.

गाडीत हीटर लावून बसलो.
कागदातून धुराचा वास पेटीपर्यंत गेला.
सातव्या रकान्यात खूण केली,
कुठल्या चौकोनात पडली
ते सोमवारी बॉबेट विचारेलच.